प्रश्न शेवटी वाचायचा

चार पर्याय एकाखाली एक मांडलेले दिसले की मला आजही मळमळतं. हे बोलायची पद्धत म्हणून लिहीत नाही, खरोखर घशाशी आंबट येतं. परवा दवाखान्यातून निघताना तिथल्या मुलीनं कागद पुढे केला, ‘आमची सेवा कशी वाटली?’ आणि खाली चार चौकोन. मी तो पालथा घालून टेबलावर ठेवला आणि पायऱ्या उतरले. माझी लेक म्हणाली, “आई, एक टिक करायची होती फक्त.” एक टिक करायची होती फक्त! या एका वाक्यात माझी अकरावी-बारावीची दोन वर्षं गेली, आणि ती कशी गेली ते मी कधीतरी लिहून काढणार होतेच. लोक त्या वर्षांबद्दल हळवं होऊन लिहितात. मला ते जमणार नाही. मला त्या वर्षांची किळस येते आणि ती अजून उतरलेली नाही.

आम्ही तेव्हा चिखलीत राहायचो, एका वर्कशॉपच्या डोक्यावर. खाली पत्र्याचे भाग ठोकणारा पॉवर प्रेस होता. तो सकाळी सुरू झाला की आमच्या घराला धप्प, धप्प असा ठोका लागायचा आणि मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींवर किणकिणायच्या. पाहुणे दचकायचे. आम्हाला मात्र प्रेस बंद पडला की दचकायला व्हायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे, बरोबर ते पुढे, चुकीचे ते लाल क्रेटमध्ये. कंपनीची बस चौकात यायची, आणि फर्स्ट शिफ्ट असली की अण्णा तोंडात चपातीचा शेवटचा घास घेऊनच जिना उतरायचे. आई तळेगावच्या पुढच्या एका खेड्यातली. शाळेत चार इयत्ता गेलेली, पण बोलायला कुणाला हार न जाणारी. चिखलीत इतकी वर्षं काढूनही तिची बोली तसूभर हलली नव्हती, आणि हलावी असं तिला वाटतही नव्हतं.

रविवारी आमच्याकडे वजडी व्हायची. आई ती पितळी पातेल्यात कढत पाणी आणि चुना घालून धुवायची, सुरीच्या पाठीनं खरवडायची, पुन्हा धुवायची. तो वास जिन्यात उतरला की समोरच्या गॅलरीतल्या काकू खिडकी लावून घ्यायच्या, आणि ती हळूच नव्हे, मुद्दाम आपटून. आम्ही बुद्धाच्या फोटोला हार घालायचो तेही त्यांना दिसायचं आणि वजडीही दिसायची. खिडकी नेमकी कशासाठी आपटते हे आम्हाला न सांगता कळायचं. आई म्हणायची, “लावंना. तिच्या घरात हवा न्हाई खेळायची, आपलं काय जातंय?” मी पातेल्याशेजारी उकिडवी बसलेली असायचे. बोकडाच्या पोटाचे ते वेगवेगळे कप्पे, एकाला टॉवेलासारखी लव, एकाला मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं, एकात पानांवर पानं. मी बोट फिरवून बघायचे. मला त्यात घाण वाटण्यासारखं काही कधी दिसलंच नाही. ही घरं कशाला, ही पानं कशाला, एवढंच डोक्यात यायचं. मी जीवशास्त्राकडे गेले ती या पातेल्यातून, आणि अण्णांनी त्याचा अर्थ लगेच लावून टाकला, की पोरगी डॉक्टर होणार.

डॉक्टर व्हायचं तर सीईटी, आणि सीईटी म्हणजे क्लास. चिंचवडला एका बँकेच्या वरच्या मजल्यावर तो होता. पत्र्याचं छत, बाकांवर पोरं खेटून बसलेली, आणि पुढे सर. त्यांचं आडनाव आम्ही कधी वापरलंच नाही, सगळी पोरं त्यांना एलिमिनेशन सर म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं. पांढरा शुभ्र शर्ट, खिशाला चार पेनं, कपाळावर गंध, आणि तोंडात सतत वेलची. पहिल्याच दिवशी त्यांनी पाठ्यपुस्तक हातात धरून विचारलं, “हे कुणी कुणी वाचलंय?” आम्ही हौसेनं हात वर केले. “मग विसरा,” सर म्हणाले. “पोरांनो, बायोलॉजी हा विषय नाही. बायोलॉजी ही चाळणी आहे. तुम्हाला गहू ओळखायचा नाहीये, खडे टाकायचेत. खडे टाकले की जे उरेल त्याला गहू म्हणायचं.” सगळे हसले. मीही हसले.

त्यांचे नियम आम्हाला बाराखडीसारखे पाठ झाले. ज्या पर्यायात ‘फक्त’, ‘नेहमी’ किंवा ‘कधीही नाही’ आहे तो आधी खोडायचा, कारण निसर्गात असं ठाम काही नसतं. दोन पर्याय एकमेकांच्या विरुद्ध असले तर उत्तर त्या दोघांतच, बाकीच्या दोघांकडे बघायचंही नाही. जो सगळ्यात लांब तो बहुधा बरोबर, कारण पेपर काढणाऱ्याला बरोबर उत्तर पूर्ण लिहावं लागतं, चुकीच्याला एवढे कष्ट कोण घेतो? ‘वरीलपैकी सर्व’ दिसलं आणि त्यातले दोन खरे वाटले तर तिसरा वाचू नये. काहीच नाही सुचलं तर ‘क’, कारण चुकल्याचे गुण कापत नाहीत. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला मोठा नियम: प्रश्न शेवटी वाचायचा. आधी पर्याय, मग लागलाच तर प्रश्न. “प्रश्न वेळ खातो,” सर वेलची चावत सांगायचे, “प्रश्न तुम्हाला विचारात पाडतो. विचार करणारी पोरं बीएस्सीला जातात.” त्यांच्या तोंडी बीएस्सी हा शब्द असा यायचा, की जणू कुणी नाल्यात पडल्याची बातमी सांगतंय.

अण्णांना हे सगळं ऐकून जो आनंद झाला तो विचारू नका. “हे तर आमचंच हाय की!” ते म्हणाले. “आमी काय करतो दिवसभर? रिजेक्शन! पीस कशाला बनवलाय ते क्वालिटीला इचारायचं कारण न्हाई. गेजच्या मापात बसतोय का? बसला, पास. न्हाई बसला, लाल क्रेट.” दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुठूनतरी एक लाल प्लास्टिकचा क्रेट आणून माझ्या टेबलाखाली ठेवला. चुकलेला प्रश्न कात्रीनं कापून त्यात टाकायचा, आणि रविवारी त्याचं व्हाय-व्हाय करायचं. व्हाय-व्हाय म्हणजे त्यांच्या कंपनीतली रीत: एखादा पीस का बिघडला ते विचारायचं, मिळालेल्या उत्तरालाही का विचारायचं, असं करत मुळाशी जायचं. मी ‘ब’ का लिहिलं? घाई झाली. घाई का झाली? वेळ कमी पडला. वेळ का कमी पडला? प्रश्न वाचत बसले. “सापडलं रूट कॉज!” अण्णा मांडीवर थाप मारायचे. घरातलं बोलणंसुद्धा पर्यायांवर आलं. “चहा घेणार? अ, आत्ता, ब, अंघोळीनंतर.” आई चिडून म्हणायची, “क, तुमीच करून घ्या.”

मला त्या क्लासमध्ये पहिला नंबर मिळायला लागला. हे मी फुशारकीनं सांगत नाही. उलट हे लिहिताना हात धुवावेसे वाटतात. पेशी, ऊती, हृदय, मूत्रपिंड, ज्यांच्यासाठी मी त्या पातेल्याशेजारी बसायचे, ते सगळं माझ्यासमोर खड्यांसारखं यायचं आणि मी ते टाकून द्यायचे. बेडकाच्या हृदयाला किती कप्पे हे मला यायचं, पण बेडूक मी बघितला नव्हता. आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा क्लासच्या पोरांसाठी उघडतच नसे, हजेरी परस्पर लागायची. संध्याकाळी घरी परतताना तोंडात एक बुळबुळीत चव असायची, वेलचीची आणि पत्र्याखालच्या घामाची. आजकाल मी तळेगावला शाळेत विज्ञान शिकवते. पालकसभेला एखादा बाप विचारतो, “मॅडम, शॉर्टकट काय?” तेव्हा तीच चव जिभेवर येते, आणि मी पाणी पिऊन घेते म्हणून तो वाचतो.

दरवर्षी परीक्षेआधी क्लास पालकांसाठी एक कार्यक्रम ठेवायचा. चिंचवडचा एक हॉल, स्टेजवर फुलांच्या कमानी, बाहेर पोरांच्या चेहऱ्यांचे फ्लेक्स. त्यात माझाही होता, चेहरा गोरा केलेला, ओळखू न येणारा. कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण म्हणजे ‘बिनप्रश्नाचा पेपर’. पडद्यावर फक्त चार पर्याय दाखवायचे, प्रश्न झाकलेला. पोरानं प्रश्न न बघता उत्तर द्यायचं आणि मग सरांनी प्रश्न उघडून दाखवायचा, गारुड्यानं टोपली उघडावी तसा. पालक वेडे व्हायचे. पुढच्या वर्षीचे प्रवेश त्याच हॉलमध्ये, त्याच संध्याकाळी व्हायचे. त्या वर्षी स्टेजवर मी. अण्णांनी रजा टाकली होती, इस्त्रीचा शर्ट घालून ते दुसऱ्या रांगेत बसले. आई मागे बायकांत बसली, जांभळं लुगडं नेसून. ती अशा कार्यक्रमाला पहिल्यांदाच आली होती.

पहिले काही प्रश्न सहज गेले. पडद्यावर चार ओळी आल्या की मी उत्तर सांगायचे, सर माइकवर म्हणायचे, “बघू या हं, काय विचारलं होतं,” आणि हॉल टाळ्यांनी भरायचा. मग चार ओळी आल्या. अ, पोषणाचा अभाव. ब, आईच्या रक्तात तयार झालेली आरएच घटकाविरुद्धची प्रतिद्रव्ये. क, जंतुसंसर्ग. ड, यांपैकी नाही. सगळ्यात लांब ‘ब’. मी श्वासही न घेता म्हणाले, “ब.” सर हसले. पालकांना कळावं म्हणून त्यांनी प्रश्न मराठीत, सावकाश, नाटकातल्यासारखा वाचला. “एक बाई आहे. तिचं पहिलं मूल धडधाकट. दुसरं मूल मात्र जन्मतःच पिवळं पडतं, आणि तीन दिवसांत दगावतं. कारण काय?” थोडं थांबून ते ओरडले, “आणि आमच्या करुणानं ही बाई न बघता उत्तर दिलं!” हॉल उसळला. काही बाप उभे राहून टाळ्या वाजवत होते. अण्णा तर डोक्यावर हात नेऊन वाजवत होते. मागे बायकांच्या रांगेत आई उभी राहिलेली मला दिसली. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या मागच्या बाईनं तिला पदराला धरून खाली बसवलं.

परतताना रिक्षात अण्णांच्या मांडीवर मला मिळालेली ट्रॉफी होती. आई बाहेर बघत होती. मग तिनं विचारलं, “त्या बाईचं पुढं काय झालं?”

“कुठल्या बाईचं?” अण्णा म्हणाले.

“ती. पिवळं पोर झाल्याली.”

“अगं, ते क्वेश्चनमधलं हाय,” अण्णा हसले. “खरी बाई नसती ती.”

इथे मला माझ्या भावाबद्दल सांगायला हवं. माझ्यानंतर आईला एक मुलगा झाला होता, अण्णांच्या गावी, सुईणीच्या हातानं. तो पिवळा जन्मला, अधिकच पिवळा होत गेला आणि तिसऱ्या दिवशी गेला. आठव्या महिन्यात आई एका चुलत नणंदेच्या हळदीला गेली होती, तिनं नवरीला हळद लावली होती. सासरच्या बायकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. पोटुशी बाईनं हळदीत हात घालायचा नसतो, तिनं घातला, हळद पोराच्या अंगाला लागली. आईला हे कुणी ओरडून सांगितलं नाही, कुजबुजून सांगितलं, आणि कुजबुजलेलं आतपर्यंत जातं. त्यानंतर कुठल्याही लग्नात हळद सुरू झाली की ती मांडवाबाहेर जाऊन बसायची. सख्ख्या बहिणीच्या लग्नातही बसली. पोर आपण मारलं, असं ती धरून चालली होती. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पुन्हा मूल झालं नाही, आणि त्याचंही कारण कुणी विचारलं नाही. आणि या पोराचा बाप हॉलच्या दुसऱ्या रांगेत डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होता, कारण प्रश्न शेवटी वाचायचा असतो हे तो माझ्याकडून शिकला होता. इतकी शिसारी मला कुणाची कधी आली नसेल. सरांची आली, अण्णांची आली, त्या टाळ्यांची आली, आणि ‘ब’ म्हणणाऱ्या माझ्या तोंडाची आली.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर गेल्यावर आईनं गॅस बंद केला, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. खाली प्रेस चालू होता. “ते पुस्तक आन,” ती म्हणाली. “त्या बाईचं वाचून दाव. समदं.” मी पाठ्यपुस्तक काढलं. ओळखीच्या कोणा मोठ्या मुलीकडून आलेलं जुनं पुस्तक होतं, पुठ्ठा सुटलेला. तो भाग मी याआधी कधी सलग वाचलाच नव्हता, त्यातली वाक्यं मला फक्त पर्याय म्हणून माहीत होती. इंग्रजीतलं एकेक वाक्य वाचत, मराठीत सांगत गेले. बापाच्या रक्तात एक गोष्ट असते, ती मुलात उतरते, पण आईच्या रक्तात ती नसते. पहिल्या मुलाच्या वेळी आईच्या अंगात त्या गोष्टीला विरोध तयार होतो, पण तोवर ते मूल बाहेर आलेलं असतं. दुसऱ्याला तो विरोध गाठतो. त्याचं रक्त फुटतं आणि ते पिवळं पडतं.

“आनि हळद?” आईनं विचारलं.

“हळदीचं कुठेच काही नाही.”

“नीट बग.”

मी पान उलटून पुन्हा बघितलं. तिच्या समाधानासाठी नाही, खरंच बघितलं. मग म्हणाले, “नाही आई. पण तुझं रक्त तसं आहे का, ते तपासायला लागेल. अण्णांच्या कंपनीच्या कार्डावर पॉझिटिव्ह आहे.”

“मंग तपासू,” ती म्हणाली, आणि चप्पल घालायला उठली.

चौकात औषधांच्या दुकानाशेजारी एक लॅब होती. तिथल्या ताईंनी आईच्या बोटाला सुई टोचली आणि काचेच्या पट्टीवर रक्ताचे तीन थेंब ठेवले, प्रत्येकात वेगळ्या बाटलीतलं औषध टाकून काडीनं ढवळलं. मी बायोलॉजीची म्हटल्यावर त्यांनी मला जवळ उभं राहू दिलं. पहिला थेंब तसाच राहिला. दुसऱ्यात रक्त फाटल्यासारखं झालं, दाणे दाणे दिसायला लागले. तिसरा आरएचचा. ताईंनी पट्टी जरा कलती केली, सरळ केली, पुन्हा कलती केली. तो थेंब साधा, गुळगुळीत, लाल राहिला. इतकं लक्ष देऊन मी कित्येक महिन्यांत काही बघितलं नव्हतं. “बी निगेटिव्ह,” ताई सहज म्हणाल्या आणि पट्टी बादलीत टाकली.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आईनं बोटाला कापूस दाबून धरला होता. मी तिला सांगितलं की तेच होतं, हळद नव्हती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिचा चेहरा कठीण होत गेला.

“याला औषद हुतं?”

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण पुस्तकात ते त्याच पानावर खाली होतं, आणि तिनं ‘समदं’ म्हटलं होतं. “एक इंजेक्शन असतं. पहिल्या बाळंतपणानंतर लगेच द्यायचं. म्हणजे माझ्या वेळी. मग दुसऱ्याला काही होत नाही.”

“येक सुई.”

“हो.”

“आनि हे पुस्तकात कवापासनं हाय?”

“तुझ्या लग्नाच्या आधीपासून असेल.”

समोरून कंपनीची एक बस गेली, तिच्यामागे ट्रक, त्याच्यामागे दुचाक्यांची रांग. आईनं बोटावरचा कापूस काढून टाकला.

“म्हंजी काल त्या हॉलात बसल्याल्या समद्यांस्नी ठावं हुतं,” ती म्हणाली. “तुज्या सरास्नी ठावं, तुला ठावं, त्या बापांस्नी ठावं. माजं पोर कशानं मेलं ते समद्यांस्नी ठावं, आनि तुमी टाळ्या वाजीवत हुता.”

आई उठली, रस्त्याच्या कडेला गेली आणि थुंकली. जोरात, मान वळवून, जिकडे चिंचवड होतं त्या दिशेला. मग परत येऊन माझ्या हातातलं पुस्तक तिनं आपल्या काखेत घेतलं आणि म्हणाली, “चल. तुजा बाप कामावरनं आला की त्यालाबी वाचून दाव. आनि त्यो मधी बोलला तर मला सांग.”